घरातील गरम पाणी : साधनांची निवड आणि खर्चाची काटकसर

घरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा विचार करू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम दिवे आणि पंखे उभे राहतात. वडीलधारी माणसे मुलांना खोलीतील दिवा मालविण्याची आठवण करून देतात, आणि ती सवय चांगलीच आहे. परंतु वस्तुस्थिती अशी की, ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ५ तास याप्रमाणे महिनाभर जळत ठेवला, तरी त्याला दीड युनिटापेक्षाही कमी वीज लागते. याउलट २० लिटर पाण्याची एक बादली २० अंश सेल्सियसवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यासाठी जवळजवळ अर्धे युनिट वीज खर्ची पडते. महिनाभर जळणारा दिवा आणि तीन माणसांचे एका सकाळचे स्नान यांना लागणारी ऊर्जा अशा रीतीने सारखीच ठरते.

याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. तेवढीच उष्णता एक किलोग्रॅम तांब्याला दिली, तर त्याचे तापमान सुमारे ११ अंशांनी चढते. नित्याच्या वापरातील पदार्थांमध्ये पाण्याइतका उष्णतेचा भुकेला दुसरा पदार्थ क्वचितच आढळेल. म्हणूनच ज्या घरात रोज गरम पाणी लागते, त्या घरात काटकसरीला सर्वांत मोठा वाव दिवाणखान्यापेक्षा स्नानगृहातच असतो.

बाजारात पाणी तापविण्याची नानाविध साधने मिळतात. त्यांतील कोणते घ्यावे, हा प्रश्न ग्राहक बहुधा दुकानात गेल्यावर स्वतःला विचारतो आणि किंमत, आकार, रंग अशा गोष्टींवरून त्याचे उत्तर ठरवितो. वास्तविक या प्रश्नाचा निम्म्याहून अधिक भाग घरीच, कागदावर सोडविता येतो. प्रथम गरज मोजावयाची आणि मग साधन निवडावयाचे, हा क्रम पाळला तर चूक होण्याचा संभव पुष्कळच कमी होतो.

गरजेचा हिशेब

हा हिशेब अगदी सोपा आहे. किती लिटर पाणी लागते तो आकडा घ्यावा आणि त्याचे तापमान किती अंशांनी वाढवावयाचे आहे त्या आकड्याने त्यास गुणावे. येणारी संख्या ही लागणाऱ्या उष्णतेची किलोकॅलरींतील संख्या होय. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा गुणाकारास ८६० ने भागले की युनिटे मिळतात.

स्नानासाठी साधारणतः ४० अंशांचे पाणी पुरते. परंतु नळाला येणारे पाणी सर्वत्र सारखे थंड नसते. थंडीच्या दिवसांत मुंबईस किंवा चेन्नईस ते २५ अंशांच्या आसपास असते, दिल्ली-लखनौकडे १५ अंशांच्या जवळपास येते आणि शिमल्यासारख्या ठिकाणी ५-६ अंशांपर्यंतही उतरते. २० लिटरांच्या एका बादलीस मुंबईत ३०० किलोकॅलरी पुरतील, दिल्लीत ५०० लागतील, तर शिमल्यात जवळजवळ ७०० लागतील. एकच उपकरण या तिन्ही शहरांना सारखेच योग्य ठरेल अशी अपेक्षा करणे त्यामुळेच चुकीचे आहे.

उदाहरणादाखल चार माणसांचे एक कुटुंब घेऊ. प्रत्येकास रोज एक बादली पाणी लागते आणि ते २० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचे आहे. ८० लिटर गुणिले २० अंश, म्हणजे १,६०० किलोकॅलरी. अर्थात सुमारे १.९ युनिटे. हे या कुटुंबाच्या गरजेचे मूळ माप होय. साधन कोणतेही असो, इतकी उष्णता पाण्यात शिरल्याखेरीज स्नान होणार नाही. साधनासाधनांत फरक पडतो तो ही उष्णता कोठून आणावयाची आणि वाटेत ती किती वाया जाऊ द्यावयाची, एवढ्यापुरताच.

येथे आणखी एक आकडा टिपून ठेवावा. तो म्हणजे वर्षातून किती दिवस गरम पाणी लागते, हा. कोकणपट्टीत किंवा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ही गरज दोन-तीन महिन्यांची असेल, उत्तरेच्या मैदानी प्रदेशात चार-पाच महिन्यांची, तर डोंगराळ भागात ती बारमाही असेल. महाग पण काटकसरी साधन घ्यावे की स्वस्त पण खर्चिक साधन घ्यावे, याचा निर्णय पुष्कळदा याच आकड्यावर अवलंबून असतो.

बंबापासून गीझरपर्यंत

आपल्याकडील जुन्या घरांतून पाणी तापविण्याची सोय बहुधा चुलीवर असे. कर्नाटकाच्या मलनाड भागात न्हाणीघरातच चूल बांधून तिच्यावर हंडा कायमचा बसविलेला असे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तांब्या-पितळेचा बंब प्रचारात होता. या बंबाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. त्याच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्या तळाशी जाळीवर लाकडाच्या ढलप्या, कोळसा किंवा नारळाच्या करवंट्या पेटवितात. ज्वाला व तप्त वायू या नळीतून वर जातात आणि सभोवारच्या पाण्यास आपली उष्णता देतात. उघड्या चुलीवरील हंड्याच्या बाजूंनी जी उष्णता निसटून जाते, ती येथे पाण्याच्या वेढ्यातच अडकते. शिवाय वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वर असलेले गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. गरम पाणी हलके असल्याने वर राहते, या तत्त्वाचाच हा उपयोग. आजचा विजेचा गीझरही याच तत्त्वावर चालतो. त्यातही थंड पाणी तळाशी शिरते आणि गरम पाणी माथ्याकडून घेतले जाते.

'गीझर' हे नाव मात्र दूरवरून आले आहे. आइसलँडमधील उसळत्या उष्ण झऱ्यास तेथील लोक 'गेसिर' म्हणतात. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने गॅसवर चालणारा जलतापक तयार केला आणि त्यास त्या झऱ्यावरून नाव दिले. मॉनच्या उपकरणास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. ही उणीव किती घातक ठरू शकते ते पुढे पाहावयाचे आहे. १८८९ मध्ये अमेरिकेत एडविन रूड याने पाण्याचा साठा आपोआप गरम ठेवणारे यंत्र सिद्ध केले, तर १८९१ मध्ये बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प याने सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या जलतापकाचे पेटंट घेतले. म्हणजे आज ज्यांत निवड करावयाची, त्यांपैकी बरीच साधने शंभर वर्षांहून अधिक जुनी आहेत.

विजेवर चालणारी साधने

यांत सर्वांत स्वस्त म्हणजे बादलीत बुडवावयाचा रॉड. तो पाण्यातच बुडालेला असल्याने जवळजवळ सर्व उष्णता पाण्यास मिळते. आपल्या उदाहरणातील कुटुंबास रोज सुमारे २ युनिटे पुरतील. खर्चाच्या दृष्टीने हे साधन वाईट नाही. तथापि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते सर्वांत दुबळे आहे.

इन्स्टंट गीझरमध्ये पाण्याचा साठा अत्यल्प असतो आणि नळ उघडल्यावरच पाणी तापते. साठा नसल्याने उष्णता वाया जात नाही. परंतु त्याच्या मर्यादा जाणून घ्यावयास हव्यात. ३ किलोवॉटचा गीझर मिनिटाला सुमारे ४३ किलोकॅलरी उष्णता देतो. पाणी २५ अंशांनी तापवावयाचे असेल तर त्यातून मिनिटाला पावणेदोन लिटरच पाणी सतत मिळू शकते. भांडी धुण्यास ते पुरेसे आहे. थंड प्रदेशातील स्नानास अपुरे आहे.

साठवणीच्या गीझरमध्ये १० ते २५ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी तापवून ठेवले जाते. यासंबंधी दोन समजुती प्रचलित आहेत आणि दोन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, अधिक वॉटचा गीझर अधिक वीज खातो. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास १,००० किलोकॅलरी, म्हणजे १.१६ युनिटे लागतात. हे काम २ किलोवॉटचा गीझर ३५ मिनिटांत करतो, ३ किलोवॉटचा २३ मिनिटांत करतो; युनिटे दोहोंस सारखीच लागतात. दुसरी समजूत अशी की, गीझर सतत चालू ठेवल्याने बचत होते, कारण पाणी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून तापवावे लागत नाही. ही समजूत निखालस चुकीची आहे. गरम टाकीतून उष्णता अखंड झिरपत असते. २५ लिटरांचा गीझर अहोरात्र चालू ठेवला, तर वापर शून्य असतानाही त्यात रोज साधारण अर्धे ते एक युनिट वाया जाते. रोजच्या दोन युनिटांच्या गरजेवर एक युनिटाची ही गळती म्हणजे दीडपट खर्च होय.

गीझरवर चिकटविलेल्या ताऱ्यांचा अर्थही येथेच स्पष्ट होतो. ऊर्जा संरक्षण अधिनियम २००१ मध्ये संमत झाला. त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली आणि २००६ पासून घरगुती उपकरणांवर एक ते पाच तारे दर्शविणारी पट्टी लावण्याची योजना सुरू झाली. साठवणीच्या गीझरच्या बाबतीत हे तारे मुख्यतः टाकीतून होणाऱ्या या गळतीवरच दिले जातात. अधिक तारे याचा अर्थ टाकीभोवतीचे उष्णतारोधक आवरण अधिक चांगले, इतकाच होतो. तेव्हा ज्या घरात माणसे वेगवेगळ्या वेळी स्नान करतात आणि पाणी पाच-सहा तास गरम राहावयास हवे, तेथे पाच ताऱ्यांसाठी दिलेले अधिक पैसे सत्कारणी लागतात. ज्या घरात अर्ध्या तासापूर्वी गीझर लावून सर्वांची स्नाने लागोपाठ उरकतात, तेथे फरक थोडा पडतो. पट्टीवरील वर्षही पाहावे; कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात आणि जुन्या पट्टीवरील चार तारे नव्या पट्टीवर तितकेच उरतील असे नाही.

आकाराची निवड करताना हे ध्यानात घ्यावे की, ६० अंशांचे २५ लिटर पाणी आणि २० अंशांचे २५ लिटर पाणी मिसळले की ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते. म्हणजे २५ लिटरांच्या गीझरमधून एका वेळी अडीच बादल्या मिळतात. बादलीने स्नान करणाऱ्या चौघांच्या घरास १५ लिटरांचा गीझरही पुरू शकतो, कारण दोन स्नानांच्या मध्ये तो पुन्हा तापतो.

गॅसचा गीझर

रॉडमधील किंवा गीझरमधील वीज जवळजवळ पूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते, हे खरे. पण ती वीज येते कोठून? आपल्या देशातील विजेचा निम्म्याहून बराच मोठा भाग कोळशापासून मिळतो आणि औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने बाहेर पडतो. उष्णतेपासून कष्टाने वीज करावयाची आणि तिची पुन्हा कोमट पाण्यापुरती उष्णता करावयाची, हा द्राविडी प्राणायाम होय. इंधन घरीच जाळले तर ही नासाडी टळते.

द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. चांगला गॅसचा गीझर तिच्यातील सुमारे ८० टक्के पाण्यात उतरवितो. आपल्या कुटुंबाची १,६०० किलोकॅलरींची गरज रोज १८० ग्रॅम वायूवर भागेल आणि १४.२ किलोग्रॅमची एक टाकी अडीच महिने पुरेल. हेच पाणी शेगडीवर पातेल्यात तापविले तर उष्णतेचा मोठा अंश पातेल्याच्या कडेने निघून जाईल आणि टाकी दोन महिन्यांच्या आतबाहेरच संपेल.

वीज स्वस्त की गॅस, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दर राज्याराज्यांत वेगळे असतात व बदलतही राहतात. म्हणून उत्तरापेक्षा रीत लक्षात ठेवणे अधिक हिताचे. गॅसच्या गीझरमध्ये वापरलेली एक टाकी पाण्यास जितकी उष्णता देते, तितकी देण्यास विजेची सुमारे १५० युनिटे लागतात. म्हणून टाकीच्या किमतीस १५० ने भागावे. समजा टाकी ९०० रुपयांची आहे. तर भागाकार ६ येतो. आपल्या वीजबिलातील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर युनिटास ६ रुपयांहून अधिक असेल तर गॅस स्वस्त, कमी असेल तर वीज स्वस्त. वरचाच टप्पा धरावयाचा, कारण गीझर बंद केल्यास वाचतील ती युनिटे त्या टप्प्यातील असतील. नळाने येणारा नैसर्गिक वायू असेल, तर त्याचा एक घनमीटर सुमारे ८ युनिटांच्या बरोबरीचा धरावा.

परंतु गॅसच्या गीझरविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची नव्हे. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर, दोघांची स्नाने आटोपेपर्यंत २० मिनिटे चालला, तर त्यास जळण्यासाठी ४ ते ५ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि सव्वादोन-अडीच मीटर उंच अशा स्नानगृहात सर्व मिळून हवा असते ती अवघी ७ घनमीटर. दार आणि खिडकी लावलेली असली की प्राणवायू झपाट्याने कमी होतो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने बांधला जातो. आत असलेल्या माणसास प्रथम थोडी गुंगी येते आणि सावध होण्यापूर्वीच त्याच्या हातापायांतील बळ जाते. आपल्या देशात दर हिवाळ्यात अशा दुर्घटनांत माणसे दगावतात. म्हणून गॅसचा गीझर स्नानगृहाच्या आत कदापि बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि तेथून नळीने केवळ पाणी आत आणावे. त्याची ज्योत निळी असावयास हवी. ती पिवळी दिसू लागली की गीझर बंद करून तो जाणत्या कारागिराकडून स्वच्छ करून घ्यावा.

सौर बंब

आपल्या देशाच्या बहुतेक भागांत वर्षातील बरेच दिवस स्वच्छ ऊन पडते. अशा दिवशी एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ५ युनिटांइतकी ऊर्जा उतरते. घरगुती सौर जलतापक, ज्यास आपल्याकडे सौर बंब असेही म्हणतात, त्याचा संग्राहक साधारण २ चौरस मीटरांचा असतो. म्हणजे रोज १० युनिटे त्यावर पडतात आणि त्यांपैकी निम्मी पाण्यात उतरली तरी १०० लिटर पाणी ४० अंशांहून अधिक तापते. १०० लिटरांचा सौर बंब चौघांच्या कुटुंबास पुरतो असे म्हणतात त्याचा आधार हा आहे.

यात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतील थंड पाणी खाली येते. म्हणूनच टाकी संग्राहकापेक्षा उंच असावी लागते. संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि हिवाळ्यातील सूर्य खालून जात असल्याने त्याचा उतार त्या गावाच्या अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश अधिक ठेवावा. संग्राहकाचे दोन प्रकार आहेत. एकात काचेखाली तांब्याच्या नळ्या व काळा पत्रा असतो. दुसऱ्यात दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या असतात. जेथे पाणी जड आहे तेथे तांब्याच्या अरुंद नळ्यांत क्षार साचून त्या तुंबतात. काचेच्या रुंद नळ्या साफ करणे सोपे जाते. जेथे रात्री पाणी गोठते, अशा डोंगराळ प्रदेशात निर्वात नळ्यांचा प्रकार अधिक टिकाव धरतो.

सौर बंबाचा प्रसार बंगळूरइतका क्वचितच दुसऱ्या शहरात झाला असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात सकाळ वर्षभर गार असते आणि ऊनही मुबलक असते. त्यामुळे बंब बाराही महिने उपयोगी पडतो. २००७ साली कर्नाटक शासनाने ठरावीक आकाराहून मोठ्या नव्या घरांना तो आवश्यक ठरविल्याने या प्रसारास बळ मिळाले. वर्षातून ३६० दिवस रोज दोन युनिटे वाचविणारा बंब वर्षाला सातशेहून अधिक युनिटे वाचवितो. तोच बंब, जेथे चारच महिने गरम पाणी लागते तेथे अवघी २४० युनिटे वाचवील आणि त्याची किंमत वसूल होण्यास तिप्पट काळ लागेल. वापराच्या दिवसांचा आकडा टिपून ठेवावयास सांगितले, ते याचसाठी.

ढगाळ दिवसांसाठी पुष्कळ सौर बंबांत विजेची जोड दिलेली असते. ती सतत चालू ठेवण्यासारखी दुसरी चूक नाही. रात्रभर विजेने टाकी तापवून ठेवली, तर सकाळी उगवणाऱ्या सूर्यास तापविण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. बंब छपरावर दिसतो आणि बिल मात्र पूर्वीइतकेच येते. ही जोड केवळ सूर्य न दिसलेल्या दिवसानंतरच्या पहाटे, जरुरीपुरती लावावी.

हीट पंप

हीट पंप हे उलट्या दिशेने काम करणारे शीतकपाटच होय. शीतकपाट आतील उष्णता काढून खोलीत टाकते. हीट पंप सभोवारच्या हवेतील उष्णता गोळा करून पाण्यात टाकतो. वीज लागते ती ही उष्णता वाहून नेण्यापुरती. त्यामुळे एका युनिटात सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यास मिळते. आपल्या कुटुंबाचे काम रोज सुमारे दोन तृतीयांश युनिटात होईल. मात्र या यंत्राची किंमत बरीच असते आणि हवा फार थंड झाली की त्याची कार्यक्षमता उतरते. वसतिगृहे, रुग्णालये, अतिथिगृहे किंवा बारमाही गरम पाणी वापरणारी मोठी कुटुंबे यांना तो परवडतो. चार बादल्या पाणी तापविणाऱ्या लहान घरास सहसा परवडत नाही.

खर्च न करता होणारी बचत

नवे साधन न घेताही पुष्कळ काही करता येते. सव्वादोन मीटर उंचीवरील तुषारनळ मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांच्या स्नानास ४० ते ५० लिटर लागतात. बादली व तांब्या यांनी तेच काम १५ ते २० लिटरांत होते. आपली जुनी रीत येथे निम्म्याहून अधिक उष्णता वाचविते.

गीझर व नळ यांतील अंतर शक्य तितके कमी असावे. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या दर मीटरमध्ये सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावते. छपरावरील टाकीपासून २० मीटर नळी असेल, तर प्रत्येक वेळी साडेतीन लिटर थंड पाणी ओघळू द्यावे लागते आणि स्नानानंतर तितकेच गरम पाणी नळीत निवून जाते. नळीवर उष्णतारोधक आवरण चढविल्यास आणि सर्वांची स्नाने लागोपाठ उरकल्यास हा तोटा बराच घटतो.

थर्मोस्टॅट ६० अंशांऐवजी ५० अंशांवर ठेवल्यास, भोवतालचे तापमान २० अंश असताना टाकीतील गळती एक चतुर्थांशाने कमी होते आणि जड पाण्यातील क्षारांचा थरही सावकाश जमतो. तापकावर असा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास उशीर होतो आणि तापक लवकर जळतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उघडून साफ करवून घ्यावी. तापमान उतरविण्यास मात्र एक मर्यादा आहे. १९७६ साली फिलाडेल्फिया येथील एका संमेलनात अनेक माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावली. त्या आजाराचे कारण असलेला लिजिओनेला हा जीवाणू २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. तेव्हा कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठवून ठेवू नये. घर काही दिवस बंद असल्यास परतल्यावर पाणी एकवार ६० अंशांपर्यंत तापवावे. मात्र त्या तापमानाच्या पाण्याने काही सेकंदांतच कातडी भाजते, याचे भान विशेषतः लहान मुलांच्या व वृद्धांच्या बाबतीत ठेवावे.

जेथे काटकसर करू नये

विजेच्या साधनांची जोडणी करताना पैसे वाचविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. ३ किलोवॉटच्या गीझरमधून १३ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यास १६ अँपिअरचे स्वतंत्र प्लगस्थान, जाड तार आणि खरीखुरी अर्थिंग हवी. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी घरात बसवून घ्यावा. रॉड पाण्यात ठेवल्यानंतरच बटण दाबावे आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये. धातूच्या बादलीत तो वापरू नये. उंच इमारतीत पाण्याचा दाब दर १० मीटर उंचीमागे सुमारे एक बारने वाढतो. तेथे तो दाब सोसणाराच गीझर घ्यावा आणि त्यावरील सुरक्षा-झडप कधीही बंद करू नये.

निवड कशी करावी

आता सर्व धागे एकत्र आणता येतील. स्वतःचे छप्पर आहे, ऊन भरपूर आहे आणि वर्षातील आठ-दहा महिने गरम पाणी लागते, अशा घराने सौर बंबाचा विचार प्रथम करावा. छतावर हक्क नसलेल्या सदनिकेत, जेथे गरज थोडक्या महिन्यांची आहे, तेथे लहान आकाराचा साठवणीचा गीझर घेऊन तो स्नानापूर्वी लावणे व नंतर बंद करणे हाच सुज्ञपणा. माणसे दिवसभर येती-जाती असतील तर अधिक तारे पाहावेत. विजेचा दर चढा असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल तर गॅस. जागा नसेल तर दर कितीही चढा असला तरी गॅस नको. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यास रॉडवर भागवावे लागते. त्याने निदान चांगल्या प्रतीचा, भारतीय मानकाची खूण असलेला रॉड घ्यावा.

हिवाळ्यातील सकाळी सहा ते नऊ या वेळात असंख्य घरांतील गीझर एकदम सुरू होतात आणि विजेच्या मागणीची रेषा उंच चढते. या तीन तासांची मागणी पुरविण्यासाठी वीजकेंद्रांना आपली क्षमता वर्षभर राखून ठेवावी लागते. एका घरात वाचलेले अर्धे युनिट लहान असते खरे. पण ते नेमके अशा वेळी वाचते, की जेव्हा ते पुरविणे सर्वांत कठीण असते. गृहिणीच्या हिशेबाच्या वहीतील बचत आणि देशाच्या ऊर्जेची बचत येथे एकाच रेषेवर येतात. त्यासाठी आरंभी लागते ते एवढेच : एक तापमापक, एक माप लावलेली बादली आणि गुणाकार करावयास कागदाचा एक तुकडा.